काऱ्याची तसबीर

माणसाचा फोटो काढणे सोपे असते. ‘जरा हसा’ म्हटले की तो हसतो, ‘मान थोडी उजवीकडे’ म्हटले की मान उजवीकडे करतो, आणि एवढे करूनही फोटो वाईट आला, तर कॅमेऱ्याला नावे ठेवून मोकळा होतो. कुत्र्याचे तसे नाही. तो सांगून हसत नाही, मान हवी तिकडे वळवत नाही, आणि फोटो कसा का येईना, त्याला त्याचे सोयरसुतक नसते. त्यामुळे कुत्र्याचा फोटो बिघडला, तर तो दोष निखालस आपलाच असतो. हे ज्ञान मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एकोडी गावी, मावशीच्या अंगणात पालथे पडले असताना झाले.

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात एकोडी आहे. नागपूरहून भंडारा, लाखनी असे करीत साकोली गाठायची आणि तिथून गावाकडे वळायचे. हा सारा तलावांचा आणि धानाचा मुलूख. गावोगावी जुने तलाव आहेत. त्यांना तिकडे ‘मामा तलाव’ म्हणतात. लहानपणी मला वाटे, कुणा मामाने ते भाच्यांना पोहण्यासाठी बांधले असावेत. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, हे कळल्यावर माझी फार निराशा झाली होती. माझी आई लग्न होऊन पुण्यास आली, मावशी मात्र तिकडेच दिली. त्यामुळे एकोडी हे माझे सुट्टीचे गाव. राहण्याचे कधीच नव्हते.

काकाजी, म्हणजे मावशीचे यजमान, तीन वर्षांपूर्वी गेले. मावशी पंचाहत्तरीला आलेली. एकुलता एक मुलगा, माझा मावसभाऊ, नागपुरात नोकरीला. एवढ्या मोठ्या घरात मागे राहिली मावशी आणि राहिला काकाजींचा कुत्रा. आषाढात मावशी विहिरीजवळ घसरली आणि तिचे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, पण मावसभावाच्या जिवाला घोर लागला. त्याने मावशीला कायमचे नागपूरला न्यायचे ठरवले. यात त्याचे काही चुकले, असे मी आजही म्हणणार नाही. म्हातारी आई शंभर किलोमीटरवर एकटी असावी आणि मुलाने चौथ्या मजल्यावर निवांत झोपावे, हे कोणत्या मुलाला जमेल?

अडचण एकच होती, ती म्हणजे कुत्रा. तीन खोल्यांचे घर, धाकट्या नातीला दम्याचा त्रास, आणि जन्मभर मोकळ्या अंगणात हिंडलेले बारा वर्षांचे जनावर. त्याला शेजारी ठेवावे, त्याच्या खाण्याचे पैसे दरमहा द्यावे, असे ठरले. ठरले म्हणजे मावसभावाने आणि मी फोनवर ठरवले. मावशीला विचारले, तेव्हा ती ‘पाहू’ एवढेच म्हणाली. आमच्या मावशीचे ‘पाहू’ म्हणजे नकार असतो, हे उभयतांना ठाऊक होते.

तेव्हा मला एक नामी कल्पना सुचली. माझी भाची चित्रकार आहे. मुंबईला असते, आणि लोकांच्या पाळीव प्राण्यांची व्यक्तिचित्रे काढून देते. तिच्याकडून या कुत्र्याचे छानसे तैलचित्र काढून घ्यावे आणि ते नागपूरच्या घरात मावशीच्या खाटेसमोर लावावे! कुत्रा इकडे, चित्र तिकडे. कुणाचाच जीव तुटायला नको. मावसभावाला ही कल्पना फार आवडली. “दादा, हे तुम्हीच आईला सांगा. तुमचं ऐकेल ती,” तो म्हणाला. भाचीला विचारले, तर ती म्हणाली, “काढते की. पण मामा, फोटो चांगले पाठवा. मला कुत्रा दिसणार नाही, फक्त फोटो दिसणार आहेत.”

या एका वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही. फोटो काय, हल्ली कोणीही काढतो!

तर अशा रीतीने गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे एकोडीला पोहोचलो. गावात बैलांच्या शिंगांना रंग देणे चालले होते. मावशीच्या गोठ्यात आता बैल नाहीत. नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. तरीही तिने गोठा शेणाने सारवून ठेवला होता. छपरीत तो कुत्रा बसला होता. अंगाने काळाभोर, छातीवर पांढरा ठिपका, तोंड पिकलेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची निळसर झाक, आणि उजवा कान अर्धाच. फाटून गेलेला. आम्हांला पाहून तो उठला, हुंगले, ओळख पटली न पटली असे करून पुन्हा मावशीच्या पायाशी जाऊन बसला.

दुसरे दिवशी ऊन लख्ख पडले होते. मी म्हटले, प्रकाश भरपूर आहे, उत्तम! भर बारा वाजता मी अंगणात एक फुलाफुलांची चादर अंथरली, मावसभावाने कुत्र्याला धरून तिच्यावर आणून बसवले, आणि मी पुढे उभा राहून फोनमधून फोटो काढू लागलो. “काळ्या! काळ्या, इकडे बघ!” मी हाका मारीत होतो. काळ्या ढिम्म. जीभ बाहेर टाकून धापा टाकीत तो घराच्या दाराकडे पाहत राहिला. मी बिस्किट दाखवले. त्याने ते खाल्ले आणि पुन्हा दाराकडे पाहिले. मी टाळ्या वाजवल्या, शीळ घातली, मांजराचा आवाज काढला. पलीकडच्या घरातली दोन पोरे कुंपणावर चढून माझ्याकडे बघू लागली, पण कुत्र्याने काही बघितले नाही. फाटका कान आणि अधू डोळा दिसू नये म्हणून मी मोठ्या चातुर्याने बाजू बदलून उभा राहिलो होतो. अर्ध्या तासात सत्तेचाळीस फोटो झाले. त्यातले बरे दहा निवडून भाचीला पाठवले आणि पुरणपोळीवर ताव मारायला बसलो.

जेवण होते न होते तोच तिचा फोन आला.

“मामा, कुत्रा कुठंय?”

“म्हणजे? चादरीवर बसलाय ना!”

“चादर दिसतेय. चादरीवरची फुलंसुद्धा मोजता येताहेत. मधे एक काळं भोक आहे, तोच कुत्रा का?”

मी फोटो नीट पाहिले. ती म्हणत होती ते खरे होते. एरवी हे माझ्या लक्षात आले नसते, कारण कुत्रा माझ्यासमोर होता आणि फोटोत जे नव्हते ते मी मनाने भरून घेत होतो.

मग तिने मला अर्धा तास शिकवणी दिली. वडीलधाऱ्या माणसाला शिकवण्याची संधी मिळाली की हल्लीची मुले ती सोडत नाहीत. पण जे तिने सांगितले ते मला इतके उपयोगी पडले की घरोघरच्या कुत्र्यामांजरांसाठी ते इथे सांगून टाकतो. 

काळ्या जनावराला भर उन्हात बसवू नये. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याच्या उजेडाची सरासरी धरतो; अंगण उन्हाने तळपत असले की तो उजेड कमी करतो, आणि काळे अंग काजळीचा गोळा होऊन बसते. पांढऱ्या मांजराचे याच उन्हात उलटे होते. त्याचे केस जळून नुसता चुना दिसतो. म्हणून सावलीत बसवावे, पण अंधारात नव्हे. छपरीच्या कडेला, जिथे समोर मोकळे आभाळ आहे, तिथे. आभाळ ढगाळ असले तर सोन्याहून पिवळे. आभाळाचा एक लहानसा ठिपका डोळ्यात उतरतो. तो ठिपका नसेल तर चित्रातला डोळा मेलेला दिसतो. पडद्यावर जनावराच्या चेहऱ्यावर बोट ठेवावे, म्हणजे कॅमेरा त्याचा उजेड धरतो. पाठीमागे पांढरी भिंत नको, फुलांची चादर तर नकोच नको. मातीची भिंत किंवा तणसाचा ढीग असावा. फ्लॅश कधीही वापरू नये. कुत्र्यामांजराच्या डोळ्याच्या तळाशी प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्याने डोळे हिरवे पेटलेले येतात.

“आणि मामा, तुम्ही उभे होता ना?”

“मग काय, झोपून काढायचे?”

“हो. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर या. वरून काढलं की डोकं मोठं आणि पाय काडीसारखे येतात. अगदी जवळ जाऊ नका. फोन जवळ नेला की नाक पुढे येऊन भोपळ्याएवढं होतं. दोन पावलं मागे सरा आणि दुपटीने जवळ आणा. समोरून काढा, दोन्ही बाजूंनी काढा, अर्धवट वळलेला काढा. पंजे, शेपूट, कान वेगवेगळे काढा. केस कुठून कुठे वळतात ते मला दिसलं पाहिजे. एका फोटोत शेजारी कोरा पांढरा कागद धरा, म्हणजे खरा रंग कळेल. फोटो सुंदर करणारी ती सगळी बटणं बंद करा. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत अर्धा फोटो गळून जातो. तो जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला, की थांबा. ते कंटाळ्याचं नाही, धास्तीचं लक्षण आहे.”

मी चिडून म्हणालो, “फोटोचे शोध लागण्यापूर्वी लोक चित्रे काढीत नव्हते काय?” इतिहास थोडाफार वाचला असल्याने मी तिला जहांगीर बादशहाचा दाखला दिला. १६१२ साली त्याच्या एका सरदाराने गोव्याहून काही विलक्षण जनावरे नेली. त्यात एक टर्की कोंबडा होता. जहांगिराने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रकारांकडून चित्रे काढवून घेतली नाहीत. आपण मात्र दोन्ही करणार. आणि त्याने ती काढवलीही. तिथे कुठे फोटो होते?

“पण कोंबडा समोर होता ना!” भाची म्हणाली. “बादशहाच्या दरबारात कोंबडा चित्रकारापुढे आणून उभा करीत. माझ्यापुढे तुम्ही भोक आणून उभं केलंय. शिवाय डोळ्यांना सगळं दिसतं असंही नाही. धावणाऱ्या घोड्याचे पाय चित्रकार शेकडो वर्षं चुकीचे काढत होते.”

हेही खरे निघाले. मी नंतर पाहिले. १८२१ साली जेरिकोने काढलेले एप्समच्या शर्यतीचे प्रसिद्ध चित्र आहे. त्यात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत उडताहेत. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज याने एका ओळीत कॅमेरे मांडून धावत्या घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा कळले की घोड्याचे चारही पाय जमीन सोडतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना; ताणलेले असताना नव्हे. इतकी वर्षे सगळे घोड्याकडे पाहत होते आणि जे दिसायला हवे असे वाटत होते तेच काढीत होते. मीही त्या दुपारी तेच केले होते.

संध्याकाळी पोळा भरला. झूल घातलेले, शिंगे रंगवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले, झडत्या झाल्या, पोळा फुटला. शेजाऱ्याची बैलजोडी मावशीच्या दारी आली. तिने दोन्ही बैलांचे पाय धुतले, कुंकू लावले, घास दिला. कुत्रा तिच्या लुगड्याला घासून उभा होता. जिवंत जनावराची पूजा करणाऱ्या त्या बाईला मी रात्री फोन उघडून ते दहा फोटो दाखवले. वाटले, खूश होईल.

तिने चश्मा लावला. एकेक फोटो पाहिला. मग म्हणाली, “हा कोनाचा कुत्रा होय, बाबू?”

“आपलाच. काळ्या.”

“नाई. आमच्या काऱ्याचा कान अर्धा हाये. याचा कान कोठी गेला दुसरा? अन् डोरा?”

मी म्हणालो, “मावशी, चित्र सुंदर दिसावं म्हणून मी ती बाजू घेतली नाही.”

ती काही वेळ बोलली नाही. मग तिने मला कानाची हकीकत सांगितली. नागझिऱ्याचे जंगल त्या बाजूला जवळ आहे. बिबट्या अधूनमधून गावाच्या कडेला येतो आणि त्याला कुत्रा फार प्रिय. आठ वर्षांपूर्वी हिवाळ्यात काकाजी छपरीत निजले होते. रात्री बिबट्या आला तो सरळ कुत्र्यावरच. कुत्रा ओरडत पळाला असता तर वाचला असता, पण तो काकाजींच्या खाटेखाली शिरला आणि तिथून भुंकत राहिला. काकाजी उठले, हाती लागली ती घमेली आणि काठी घेऊन बडवू लागले. बिबट्या गेला, जाताना कान घेऊन गेला. महिनाभर काकाजी रोज त्या कानाला हळद भरीत होते. “त्याईनं हातानं शिवल्यावानी केला तो कान,” मावशी म्हणाली, “अन् तू तोच काढला नाई.”

मी फोन बंद केला. काऱ्या! झाडीबोलीत ‘ळ’ नाही; डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा काऱ्या. दिवसभर मी ज्याला ‘काळ्या, काळ्या’ म्हणून ओरडत होतो, त्याला तसे त्याच्या जन्मात कुणी हाक मारली नव्हती. तो माझ्याकडे पाहणार कसा?

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले होते. गावात मारबत नेण्याची गडबड होती. तीही संपली, कुत्र्याचे खाणेपिणे झाले, एक फेरी मारून तो परतला, आणि नेहमीप्रमाणे छपरीच्या कडेला तणसाच्या ढिगापाशी बसला. मी फोनची काच धोतराच्या जुन्या तुकड्याने पुसली आणि ओल्या अंगणात पालथा पडलो. कुंपणावर आज पाच पोरे होती. मावशी माझ्यामागे उंबऱ्यात बसली होती. तिने हलकेच हाक मारली, “काऱ्या!”

त्याचा धड कान ताठ उभा राहिला, अर्धा कान त्याच्यामागोमाग थरथरला, तोंड मिटले, आणि दोन्ही डोळे, धड आणि अधू, एकदम जिवंत झाले. मी बोट दाबले.

तासभर मी त्याच्याभोवती सरपटत होतो. मधून मधून त्याला उठू दिले, पाणी पिऊ दिले. जमिनीलगत पडून पाहिले, तर तो काळा कुत्रा काळा नव्हताच. मानेवर त्याचा रंग तांबूस होता, पाठीवर आभाळाची निळी छटा होती, भुवयांच्या जागी दोन करडे ठिपके होते. छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्यापाशी केसांचा भोवरा होता. पुढच्या डाव्या पंजाचे एक नख झिजून गेले होते. कान कसा फाटला, कसा सांधला, कुठे त्वचा गोळा झाली, हे मी चार बाजूंनी घेतले. बारा वर्षे मी या घरी येत होतो, या कुत्र्याला हड् हड् करीत होतो, आणि त्याला पाहत होतो त्या दिवशी पहिल्यांदा.

रात्री भाचीचा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“मामा, फार चांगले आलेत. हा खरा कुत्रा आहे. फक्त एक विचारू? तो प्रत्येक फोटोत तुमच्या डोक्यावरून पलीकडे बघतोय. आणि कालच्या त्या वाईट फोटोंतसुद्धा तो एकाच बाजूला बघत होता. तिकडे काय आहे?”

“तिकडे?” मी म्हणालो, “तिकडे मावशी बसली होती.”

“आणि काल?”

काल मावशी घरात, चुलीपाशी होती. तो दाराकडे पाहत होता.

“हं,” भाची म्हणाली. “तर मग ते मला काढता येईल असं वाटतं.”

तिला काढता आले असते. प्रश्न माझा होता. आपण हे फोटो कशासाठी काढतो आहोत, याची आठवण मला त्या क्षणी झाली. हा कुत्रा आणि ती बाई यांना एकमेकांपासून सोडवायचे होते. ते निमूट सुटावे म्हणून मी मधे एक चित्र सरकवीत होतो. काही फार वाईट करीत होतो असे नव्हे. मावशीच्या काळजीपोटीच करीत होतो. पण सत्तेचाळीस अधिक दोनशे फोटोंत तो एकाच दिशेला पाहतो आहे हे कळल्यावर, ‘चित्र खाटेसमोर लावू’ हे वाक्य मावशीपुढे उच्चारायला माझी जीभ रेटेना. मी मावसभावाला म्हणालो, “तूच सांग.” तो म्हणाला, “तुम्हीच सांगणार होता ना?” अशा रीतीने कुणीच न सांगता आम्ही नागपूरची वाट धरली. वाटेत दोघेही बोललो नाही.

गाडीत मला राहून राहून ग्रामोफोनच्या तबकडीवरचा तो कुत्रा आठवत होता. आमच्या पिढीने कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला तो कुत्रा शेकडो वेळा फिरताना पाहिला आहे. त्याचे नाव निपर. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराच्या भावाचा तो कुत्रा. भाऊ वारल्यावर तो बॅरॉडकडे आला. निपर १८९५ साली मेला आणि बॅरॉडने ते चित्र त्याच्यामागून काढले. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतले. आधी काढलेला जुना फोनोग्राफ पुसून बॅरॉडने तिथे ग्रामोफोन रंगवून दिला. यंत्र बदलले, कुत्रा मात्र तसाच राहिला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची दगडी मूर्ती आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला असे सांगतात. हे सगळे कुत्रे गेल्यानंतर चित्रांत आणि दगडांत गेले. जिवंत कुत्र्याला बाजूला सारण्यासाठी त्याचे चित्र काढवणारे आम्हीच!

दिवाळीच्या सुमारास चित्र तयार झाले. दीड फूट बाय दोन फूट. भाचीने फाटका कान लपवला नव्हता, डोळ्यातली निळी झाक लपवली नव्हती. मागे तणसाचा फिकट पिवळा ढीग. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, हिरव्या लुगड्याचा चार बोटे काठ. एका फोटोत तो चुकून आला होता. मी तो फोटो पाठवू नये म्हणत होतो.

भाऊबीज आटोपून आम्ही चित्र घेऊन एकोडीला गेलो. मावशीने ते मांडीवर घेतले. बोटाने कानापाशी चाचपले. “हा होय काऱ्या,” म्हणाली. मग तिला कोपऱ्यातला काठ दिसला. “अगं बाई, मीबी आली का याच्यात?” आणि तोंडाला पदर लावून ती हसली.

मावसभावाला वाटले, हीच वेळ. तो म्हणाला, “आई, नागपूरला तुझ्या खाटेसमोर लावू. रोज दिसेल तुला.”

मावशीने चित्र त्याच्या हाती परत दिले. 

“घेऊन जाय,” ती म्हणाली. “तुमाले घरात कुत्रा नाई पाहिजे, चित्र पाहिजे, ते तुमी न्या. काऱ्या चित्रात जाऊन बसला नाई ना अजून? तो हाये तंवर मी इथीच हाव.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच पुढे बोलायला जागा उरली नाही. मावसभाऊ थोडा वेळ रुसला, मग उठून विहिरीकडे गेला. दोन दिवसांत त्याने विहिरीभोवती खडबडीत फरशी बसवून घेतली, न्हाणीत धरायला लोखंडी दांडा ठोकला, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला रात्री सोबतीला निजायला सांगितले, आणि मावशीच्या गळ्यात दोरीने फोन अडकवला. दर पंधरा दिवसांनी तो एकोडीला जाऊ लागला. चित्र नागपूरला दिवाणखान्यात लागले. येणारेजाणारे विचारत, “कुणाचा कुत्रा?” दम्याची नात सांगे, “आमचा. आजीजवळ असतो.”

यंदा ज्येष्ठात, पहिला पाऊस पडायच्या आधी, काऱ्या गेला. रात्री छपरीत निजला तो सकाळी उठला नाही. बांधीच्या कडेला मोहाच्या झाडाखाली त्याला पुरले. मावशी फोनवर एवढेच सांगून थांबली. पुढे महिनाभराने तिचा मला पुन्हा फोन आला.

“बाबू, आता ते चित्र आनून दे.”

मी पुण्याहून गेलो. मावसभावाने चित्र कापडात गुंडाळून गाडीत ठेवले. त्या दिवशी नागपूरला येण्याचा विषय आम्ही काढला नाही, मावशीनेच काढला. “धान निघू दे,” म्हणाली, “मंग पाहू.” या वेळचे ‘पाहू’ कोणते, ते आम्हां दोघांनाही ओळखता आले नाही.

मावसभाऊ खिळा आणि हातोडी घेऊन छपरीत उभा राहिला आणि त्याने चारचौघांच्या घरी तसबिरी लावतात त्या उंचीवर खिळा धरला.

“खाली,” मावशी म्हणाली.

त्याने खिळा हातभर खाली आणला.

“अजून खाली. तो का भिंतीवर बसत होता?”

शेवटी मावसभाऊ गुडघ्यांवर बसला, आणि जमिनीपासून वीतभर अंतर राहील अशा बेताने, जिथे काऱ्या बसत असे तिथे, आम्ही ते चित्र लावले. मावशी समोर उंबऱ्यात बसली. तिने पाहिले, चश्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. 

“आता बरोबर हाये,” ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.